१० हजारांत ट्रायथलॉनची सायकल: आधी अंग, मग टायर, मग चेन

मी लातूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. आयटीआयचा टर्नर, २२ वर्षं होत आली. पोहायला शिकलो ते औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. पळायची सवय पोलीस भरतीच्या तयारीत लागली. भरती काही झाली नाही, पळणं मात्र राहिलं. सायकल आली चाळिशीत, आणि ती आली ट्रायथलॉनसाठीच.

ट्रायथलॉन म्हणजे न थांबता आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं. ऑलिंपिक अंतरात दीड किलोमीटर पोहायचं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळायचं. स्प्रिंट म्हणजे याच्या निम्मं. २०१९ मध्ये गोव्यात पहिल्यांदा झालेली आयर्नमॅन ७०.३ ही मोठी: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. अंतर कुठलंही घ्या, सगळ्यात जास्त वेळ सायकलवर जातो आणि सगळ्यात जास्त पैसाही तिच्यावरच जातो. ट्रायथलॉनसाठी म्हणून बनवलेल्या सायकली लाखाच्या पुढं सुरू होतात. ते आपल्या खिशातलं नाही.

माझी सायकल पुण्याहून आणलेली, सेकंडहँड. २६ हजारांची रोडबाइक, ॲल्युमिनियमची फ्रेम, ८ गिअरचा शिमानो क्लॅरिस सेट, पुढं ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं, मागं ११ ते २८ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा गठ्ठा. वजन साडेदहा किलो. वर्षभर तशीच चालवली. मग दिवाळीच्या बोनसमधून १० हजार रुपये बाजूला काढले. ते कुठं लावले, कशाला हात लावला नाही आणि कोणती कामं फुकटात झाली, ते सांगतो. खाली दिलेल्या किमती मी मोजलेल्या आहेत, तुमच्याकडं थोड्या पुढंमागं होतील.

हवा कोण अडवतं

लातूरहून औसा साधारण २० किलोमीटर. जाऊन येऊन ४०, म्हणजे बरोबर ऑलिंपिक अंतर. माझं सगळं मोजमाप याच रस्त्यावरचं आहे. पावसाळ्याच्या तोंडाला नैऋत्येचा वारा सुटला की औशाकडं जाताना कुणी छातीवर हात ठेवून मागं लोटतंय असं वाटतं. त्या वाऱ्यानंच मला शिकवलं की पैसा कुठं घालायचा.

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढं गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेला अडवणाऱ्या गोष्टींत सायकलचा वाटा जेमतेम चौथाई, उरलेलं सगळं तुमचं अंग. शिवाय हवेविरुद्धची ताकद वेगाच्या घनानं वाढते. ३० वरून ३३ वर जायचं तर वेग दहा टक्केच वाढतो, पण हवेसाठी लागणारी ताकद एक तृतीयांशानं जास्त लागते. एवढी ताकद सरावानं कमवायला दोन हंगाम जातात. अंग वाकवून बसायला शिकलात तर त्यातला मोठा भाग महिना-दीड महिन्यात मिळतो.

वजनाचा हिशोबही इथंच करून टाकू. सायकलचं अर्धा किलो वजन उतरवायला पाच-सात हजार सहज लागतात, आणि सपाटीवर ४० किलोमीटरला त्याचा फरक पडतो काही सेकंदांचा. आपला मुलूख बहुतेक सपाट. बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्यानं वजनाचा थोडा विचार करावा, तोही शेवटी.

सीट: फुकटातलं पहिलं काम

एक रुपयाही खर्चायच्या आधी सीट जागेवर आणा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांमध्ये घट्ट वर धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. त्याला ०.८८३ नं गुणा. माझं माप ७९ सेंटिमीटर, गुणाकार ६९.८. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या कण्यावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवायचं. हा आकडा सुरुवातीचा आहे. पुढं अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं तुमचं शरीरच सांगतं.

आता ट्रायथलॉनची खास गोष्ट. साध्या रोडबाइकवर सीटची नळी जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास असते आणि आपण पायडलच्या बरेच मागं बसतो. त्याच जागेवरून पुढं वाकलात तर मांडी पोटाला भिडते, श्वास कोंडतो, आणि नंतर पळताना कंबर आखडलेली राहते. ट्रायथलॉनच्या सायकलींत हा कोन ७६ ते ७८ असतो, म्हणजे बसणारा पुढं सरकलेला असतो. फ्रेम बदलता येत नाही, पण सीट पुढं सरकवता येते. सीटपोस्टचं, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्याचं, डोकं मागं झुकलेलं असेल तर बऱ्याच पोस्ट उलट्या फिरवून बसवता येतात आणि तिथंच दोन-अडीच सेंटिमीटर मिळतात.

पण बेतानं करा. मी एकाच रविवारी सीट चार सेंटिमीटर पुढं घेतली आणि उंची होती तीच ठेवली. सीट पुढं गेली की ती पायडलच्या जवळ येते, म्हणजे प्रत्यक्षात बुटकी होते. सहा आठवडे दोन्ही गुडघे पुढच्या बाजूनं दुखले. कारखान्यात जिना चढताना कठडा धरावा लागायचा. म्हणून एका वेळी एकच सेंटिमीटर पुढं, आणि दर सेंटिमीटरला तीन-साडेतीन मिलिमीटर वर. मग आठवडाभर चालवायचं. सीटचं टोक अगदी किंचित, एक-दोन अंश, खाली. याहून जास्त खाली केलंत तर घसरायला होतं आणि सगळा भार हातांवर येतो.

हँडल खाली आणायलाही पैसे लागत नाहीत. स्टेम म्हणजे हँडल धरणारा आखूड तुकडा. त्याच्या खालच्या एक-दोन चकत्या काढून वर टाकायच्या. स्टेम वर झुकलेला असेल तर तो उलटा करूनही बसतो. फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, वरची नळी कापायची घाई करू नका. कापलेली नळी परत जोडता येत नाही.

एरोबार: २,९०० रुपये

सगळ्या खर्चात मला सर्वाधिक परतावा दिला तो या दोन नळ्यांनी. साध्या हँडलवर चिमट्यासारखे बसणारे, कोपर टेकायला गाद्या असलेले ॲल्युमिनियमचे एरोबार. घेण्याआधी एक माप नक्की घ्या. हे चिमटे बहुतेक ३१.८ मिलिमीटर व्यासासाठी असतात, आणि आपल्या हँडलचा तेवढा जाड भाग फक्त स्टेमच्या दोन्ही बाजूंना असतो. स्वस्त हँडल स्टेमपासून लगेच निमुळतं होत जातं. व्हर्निअर लावून बघा: दोन्ही बाजूंना चिमटा पूर्ण बसेल एवढी सरळ, एकसारख्या व्यासाची जागा हवी. माझ्या हँडलवर डाव्या बाजूला जागा पुरत होती, उजवीकडं तीन मिलिमीटर कमी पडत होती. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ॲल्युमिनियमची दोन अर्धगोल शिम, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ पट्ट्या, उतरवली, आतून निमुळती, बाहेरून ३१.८. तुमच्या गावात लेथवाला असेल तर हे काम तो शे-दीडशे रुपयांत करून देतो. कागद, रबर, ट्यूबचा तुकडा असलं काही मध्ये घालू नका, ते दाबानं बसतं आणि चिमटा ढिला होतो. हँडल कार्बनचं असेल आणि त्यावर एरोबार चालतात असं लिहिलेलं नसेल, तर बसवूच नका.

बसवताना हँडल आणि चिमटा स्पिरिटनं पुसून कोरडे करा. ग्रीस लावायचं ते फक्त बोल्टच्या आट्यांना. हे मी ठासून सांगतो, कारण पहिल्यांदा बसवताना माझ्या हाताला ग्रीस होतं आणि ते चिमट्याच्या आत गेलं. औशाच्या रस्त्यावर एका गतिरोधकावर उजवा बार झटक्यात खाली फिरला, कोपर गादीवरून सुटलं. मागं ट्रक नव्हता म्हणून आज हे लिहितोय. बोल्ट एकआड एक, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. जोर किती लावायचा ते चिमट्यावर कोरलेलं असतं, बहुतेक ५ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर एलन कीचा लांब भाग बोल्टमध्ये घालून आखूड टोक हातात धरा. तेवढ्या आखूड हातानं आट्या मरेपर्यंत आवळलं जात नाही.

मग बसायची पद्धत. कोपर खांद्याच्या बरोबर खाली किंवा दोन बोटं पुढं. दंड आणि छाती यांच्यामध्ये साधारण काटकोन. गाद्या सुरुवातीला खांद्यांएवढ्या रुंद ठेवा, महिन्या-महिन्यानं आत घ्या. मान खांद्यांत बुडवायची, म्हणजे डोकं हवेत एकटं वर उरत नाही.

हे आपलं आपल्याला दिसत नाही. माझी मुलगी नववीत आहे. तिला शाळेमागच्या मोकळ्या रस्त्याच्या कडेला दहा मीटरवर उभं केलं, मोबाइल तिच्या कमरेच्या उंचीवर, आणि मी समोरून सहा वेळा गेलो. घरी आल्यावर पायडल सगळ्यात खाली असतानाचं चित्र थांबवलं, आणि तिनं कंपासपेटीतला कोनमापक थेट मोबाइलच्या काचेवर ठेवला. म्हणाली, “बाबा, ११२ अंश आहे, तुम्ही लई लांब ताणताय.” मग गाद्या दोन सेंटिमीटर मागं घेतल्या आणि परत सहा फेऱ्या मारल्या. तिसऱ्या रविवारी ९४ आले, आणि त्याच दिवशी पहिल्यांदा वीस मिनिटं सलग त्या स्थितीत बसता आलं. फोटोत कितीही वाकलेले दिसलात तरी त्या स्थितीत तासभर श्वास घेता येत नसेल, तर ती तुमची स्थिती नाही.

एरोबारवर हात ब्रेकपासून लांब असतात, हे एक क्षणही विसरू नका. गावातून जाताना, गतिरोधकाआधी, कुत्री दिसल्यावर आणि दोघं-तिघं जवळजवळ चालवत असताना हात हँडलवरच. हंगामात उसाच्या ट्रॉल्या पहाटे अंधारात मागचा दिवा नसताना उभ्या असतात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं असतं. ते दाणे टायरखाली आले की बेअरिंगच्या गोळ्यांवर चालवल्यासारखं होतं. त्या दिवसांत मी एरोबार फक्त उजाडल्यावर आणि पुढचं दोनशे मीटर साफ दिसत असेल तरच धरतो.

टायर आणि सराटे: ३,७०० अधिक ९००

स्वस्त सायकलीबरोबर येणारे टायर तारेच्या कडेचे, जाड रबराचे, कडक असतात. त्यांच्या जागी घडी होणारे, बारीक विणीचे, आत पंक्चररोधक पट्टा असलेले चांगले टायर घातले की दोन चाकांमिळून १०–१५ वॉट सहज वाचतात. महागडी चाकं घेऊनही बहुतेकदा एवढं वाचत नाही. मी २५ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरचे घेतले. घेण्याआधी फोर्क आणि ब्रेकच्या खाली, दोन्ही बाजूंना चार मिलिमीटर तरी फट राहते का बघा. पावसाळ्यात कडेला उतरलात आणि काळी माती लागली की ती फट बघता बघता भरते आणि चाक जाम होतं.

हवेचा दाब. पंप करून दगड करायची सवय सोडा. आपल्या खडबडीत डांबरावर कडक टायर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत ताकद वाया जाते. माझं वजन ६८ किलो. २८ च्या टायरमध्ये पुढं ७० आणि मागं ७५ पीएसआय भरतो. उन्हाळ्यात पहाटे २२ अंशांत ७५ भरलात आणि दुपारी रस्त्यावर हवा ४५ अंशांवर गेली, तर तोच टायर ८१–८२ दाखवतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पाच पीएसआय कमीच भरायचे.

आता सराटा. पडीक रानाच्या कडेला, बांधावर, रस्त्याच्या साइडपट्टीवर जमिनीला चिकटून पसरलेला वेल, पिवळी फुलं. त्याचं फळ वाळलं की त्याच्या पाच फाका होतात, आणि प्रत्येक फाकेला दोन लांब काटे. कशीही पडली तरी एक काटा वर राहतोच. पहिल्या वर्षी मी अकरा पंक्चर काढली. त्यातली सात सराट्याची, दोन बाभळीची.

काटा शोधायची पद्धत माझ्या आईनं नकळत दिली. ट्यूब काढल्यावर मी टायरच्या आतून बोट फिरवत होतो आणि दोन ठिकाणी बोटं रक्ताळली होती. तिनं वाती वळायचा कापूस माझ्यासमोर टाकला. “ह्यानं पूस की.” कापसाचा बोळा टायरच्या आतल्या बाजूनं हळू फिरवला, आणि जिथं काट्याचं टोक आत आलं होतं तिथं कापसाचा तंतू अडकला. डोळ्याला ते टोक दिसतच नव्हतं. बाहेरून रबरात काळा ठिपका, आतून केसाएवढं अणकुचीदार. नेलकटरनं ओढून काढलं. तेव्हापासून पंक्चरच्या पिशवीत लिंबाएवढा कापूस असतोच. काटा न काढता नवीन ट्यूब घातलीत तर शंभर मीटरवर तीही जाते.

ट्यूब साध्या ब्युटाइलच्या, म्हणजे नेहमीच्या काळ्या रबराच्या घ्या, व्हॉल्व्हची कोर निघणाऱ्या. कोर काढून त्यात सीलंट भरता येतं. बारीक काट्याचं भोक ते आतून बुजवतं. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी थोडं टाकावं लागतं. त्या पारदर्शक, प्लास्टिकसारख्या टीपीयू ट्यूब हलक्या असतात आणि चालायलाही चांगल्या, पण रस्त्यावर त्यांना ठिगळ लावणं कटकटीचं. सराट्याच्या मुलखात मी त्या फक्त स्पर्धेच्या दिवशीसाठी ठेवल्या असत्या, आणि तेवढ्यासाठी माझ्याकडं पैसे नाहीत.

रोडबाइकच्या ट्यूबला बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडच्या पंक्चरच्या दुकानातली नळी त्यावर बसत नाही. औशाच्या अलीकडच्या चाचांनी पहिल्यांदा तो व्हॉल्व्ह उलटसुलट करून बघितला. “ह्यात हवा कुठून जाणार बेटा?” पितळेचा एक छोटा ॲडॉप्टर येतो, चाळीस-पन्नास रुपयांचा. तो सायकललाच टेपनं चिकटवून ठेवा. आणि चाचांना कॉम्प्रेसर हळू मारायला सांगा. ट्यूब छोटी असते, दोन सेकंदांत दाब शंभरावर जातो.

मेणाची चेन: ८५० अधिक २५०

आधी मोजा. बारा इंची स्टीलची पट्टी चेनवर ठेवा, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. बारा इंचांवर पुन्हा बरोबर पिनचा मध्य आला पाहिजे. पिन एक सोळांश इंच पुढं गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर चेनबरोबर कॅसेटही खाल्ली गेली आहे, आणि तो खर्च दुप्पट-तिप्पट. माझी एक सोळांशच्या जरा पुढं होती. ८ गिअरची चेन आणि पान्याशिवाय निघणारी क्विक लिंक मिळून ८५० रुपये.

आपल्याकडं चेनचा खरा शत्रू काळ्या मातीची धूळ. तेलावर ती बसते आणि ग्राइंडिंग पेस्ट होते. लेथवर बेड पुसला नाही तर काय होतं हे मला रोज दिसतं. मेणावर धूळ बसत नाही. म्हणून मी तेल सोडलं.

नवीन चेनला कारखान्यातलं घट्ट ग्रीस असतं, ते पूर्ण निघालं पाहिजे, नाहीतर मेण धरत नाही. प्लास्टिकच्या बरणीत चेन आणि टर्पेंटाइन घालून हलवा, गढूळ झालं की बदला. तीन वेळा करा, शेवटी स्पिरिटनं एकदा. हे सगळं अंगणात, आणि त्याच दिवशी शेगडी पेटवू नका. टर्पेंटाइन आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात. दुसऱ्या दिवशी, चेन खडखडीत कोरडी झाल्यावर, अर्धा किलो पॅराफिन मेण एका जुन्या डब्यात घाला आणि तो डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण थेट आचेवर कधीही नाही. पाण्यात ठेवलं की ते शंभर अंशांच्या वर जात नाही आणि भडका उडत नाही. मेण पाण्यासारखं पातळ झालं की तारेला अडकवलेली चेन आत सोडा. पहिली दोन-तीन मिनिटं बारीक बुडबुडे येत राहतात, लिंकांच्या आतली हवा बाहेर पडत असते. बुडबुडे थांबेपर्यंत हलवत राहा, मग आणखी पाच मिनिटं. गॅस बंद करा, मेण कडेनं साय धरायला लागलं की चेन बाहेर काढून टांगा.

थंड झालेली चेन काठीसारखी ताठ होते. ती पायपावरून एकेक लिंक वाकवत न्या, जास्तीचं मेण पापुद्र्यासारखं गळून पडतं. सायकलला लावल्यावर पहिले दोन किलोमीटर ती करकरते, नंतर आवाज जवळजवळ बंद होतो. मला एका मेणात तीनशे किलोमीटर मिळतात. पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी पुसून वाळवायची आणि परत मेणात. मेण गंजापासून वाचवत नाही. चेनला हात लावला तर बोट काळं होत नाही, हे बघून माझ्या बायकोनं सायकल घरात ठेवायची परवानगी दिली.

बाकीचं थोडक्यात

ब्रेकची रबरं ४०० रुपये आणि दोन्ही ब्रेक-गिअरच्या तारा ४५०. यावर कंजुषी नको. रोडबाइकच्या ब्रेकच्या तारेचं डोकं नाशपातीसारखं निमुळतं असतं. साध्या सायकलच्या दुकानातली गोल डोक्याची तार तिथं नीट बसत नाही, घासून तुटते. जुनी रबरं ठेवणार असाल तर त्यात रुतलेले वाळूचे आणि ॲल्युमिनियमचे कण सुईनं काढा, ते रिम खरवडतात.

हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या तुंब्याचं, काम मी स्वतः केलं, पाव किलो ग्रीस कारखान्यातून विकत घेऊन. पुढच्या चाकात एका बाजूला ३/१६ इंचाच्या १० गोळ्या, मागच्यात १/४ इंचाच्या ९. बेअरिंग हे माझं रोजचं काम, म्हणून मनापासून सांगतो: यानं वेग वाढत नाही, वाढलाच तर एखादा वॉट. पण चाक वर्षानुवर्षं टिकतं. सिरॅमिक बेअरिंगवर मात्र एक रुपया घालू नका.

पायाला क्लिपवाले बूट आणि पायडल घ्यायचे तर सात-आठ हजार गेले असते. मी ३०० रुपयांचे पट्ट्यांचे टो-क्लिप लावले आणि पळायच्या बुटांतच चालवतो. सायकलवरून उतरून थेट पळायला लागतो, बूट बदलायचा वेळ वाचतो. पायडल काढायचं असेल तर डावीकडचं उलट्या आट्यांचं असतं, हे लक्षात ठेवून जोर लावा.

पाण्याची एक बाटली एरोबारच्या दोन नळ्यांमध्ये, आडवी, केबल टायनं बांधलेल्या पिंजऱ्यात. पिंजरा जुनाच. हातांच्या मध्ये असल्यानं ती हवा अडवत नाही, आणि उन्हात समोर दिसत असल्यानं पाणी प्यायचं राहत नाही. अंगावरचा सैल फडफडणारा शर्ट बदलून घट्ट घाला. घरात असेल तोच चालेल.

एकूण ९,७५० रुपये झाले. उरलेल्या अडीचशेत ठिगळांचा डबा आणि पितळी ॲडॉप्टर. औसा जाऊन येऊन आधी १ तास २७ मिनिटं लागायची. दीड महिन्यानंतर, वारा पडलेल्या सकाळी, १ तास १९. यातली मिनिट-दोन मिनिटं सरावाची धरा.

खोल रिमची चाकं, एरो हेल्मेट, कार्बनचे बारीकसारीक भाग यांकडं अजून बघू नका. आणि सेकंडहँड हेल्मेट तर कुणी फुकट दिलं तरी नको. एकदा आपटलेलं हेल्मेट आतून तडकलेलं असू शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

स्पर्धेआधी

हँडलची आणि एरोबारची सगळी टोकं बुचं घालून बंद पाहिजेत. उघडी नळी पडल्यावर मांसात घुसते, म्हणून तपासणीत सायकल थांबवतात. माझ्या एरोबारबरोबर एकच बूच आलं होतं. दुसरं नायलॉनच्या रॉडमधून उतरवलं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल काढायची नाही. सायकल स्टँडला लावतानाच हलक्या गिअरवर ठेवा, पाण्यातून बाहेर आल्यावर पायांत जोर नसतो. एरोबारला परवानगी आहे का, हे नोंदणी करतानाच विचारा. एकमेकांच्या मागं चिकटून चालवायला मुभा असलेल्या स्पर्धांत नियम वेगळे असतात.

आणि एक कारखान्यातली सवय. सगळं आवळून झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा: एरोबारचे चारही बोल्ट, स्टेम, सीटचा चिमटा. सीटपोस्ट नळीत जिथं शिरते तिथंही एक. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळं एकदा परत आवळून रेघ नव्यानं ओढायची. त्यानंतर रोज निघण्याआधी अर्धा मिनिट पुरतो. बोल्ट फिरला असेल तर रेघ तुटलेली दिसते. तुटलेली दिसली की पाना काढायचा, बाहेर पडायचं नाही.